शंभरचे दोन बल्ब

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एरवी आमचं घर म्हणजे वस्तीतला सगळ्यात मोठा कालवा. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागायची त्यांना सवय लागली होती. माय त्यांच्यापेक्षा एक सूर वरच उत्तर द्यायची. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची आणि ती एकटी असली तरी भांड्यांशी बोलायची. दादा रानातून परत येताना वळणावरूनच बैलांना आणि आम्हाला एकाच सुरात हाका मारायचा. पण वहिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि हा सगळा कालवा एकदम थांबला. माय डाळीला फोडणी द्यायची तीसुद्धा झाकण हातात धरून, चर्र आवाज झाला की लगेच दाबायची.

वहिनीची याआधीची दोन लेकरं गेली होती. दोन्ही थंडीतच झाली होती, दोन्ही अपुऱ्या दिवसांची, आणि दोन्ही डोळे नीट उघडायच्या आतच गेली. त्याबद्दल घरात कुणी काही बोलायचं नाही. आत्या तेवढी कधीतरी उसासा टाकून "नशिबात न्हवतं" म्हणायची आणि वहिनी तिथून उठून जायची. वहिनी पाथरीकडची. अंगानं काटक, बोलायला कमी. मी तिच्याहून लहान असूनही ती मला कायम "सुमनबाई, तुमी" असंच म्हणायची. नणंदेला असं बोलायचं असतं, हे तिला माहेरी शिकवलं होतं. मला ते अवघडल्यासारखं व्हायचं. "मला नुसतं सुमन म्हणा की वैनी," असं मी कितीदा सांगितलं असेल. ती हसायची आणि पुन्हा सुमनबाईच.

तिसरी ही मुलगी. अण्णांच्या दोन तळव्यांत मावायची. तिला रडताही येत नव्हतं, नुसता एक बारीक चिरका सूर निघायचा आणि मध्येच तुटायचा. दादा आणि अण्णा तिला सकाळच्या एस.टी.नं परभणीला डॉक्टरकडे घेऊन गेले. काचेची गरम पेटी तिथं एकच होती आणि तिच्यात आधीच दुसरं लेकरू होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की लेकराला रोग काही नाही, फक्त अंगात ऊब धरायची ताकद नाही. ऊब तुम्ही द्या, बाकीचं ते बघेल. एवढं ऐकून दोघं परत आले. दादा खोलीच्या दारात उभा राहिला आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "ऊब द्यायची म्हणलेत."

ऊब म्हणजे आमच्याकडे शेगडी. बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांचे निखारे, त्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं. खोलीचं दार लावलं की आत धूर असा साचायचा की समोरचं माणूस दिसू नये. आत्यानं त्याच दिवशी शेगडी पेटवली. लेकरू चिरक्या सुरातही रडेनासं झालं, नुसतं खोकायला लागलं. दुसऱ्या दिवशी गावात नर्सबाई आल्या, त्यांनी दार उघडलं आणि पदर नाकाला लावूनच आत शिरल्या. "मावशी, ह्या धुरात मी उभी ऱ्हाऊ शकत न्हाई, तेवढ्याशा जिवानं काय करावं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडी अंगणात नेऊन ठेवली. मग त्या म्हणाल्या, की एक लाकडी खोकं घ्या, त्यात शंभरचा एक बल्ब लावा, मध्ये जाळी ठोका, आणि लेकराचे पाय हाताच्या पाठीनं बघत जा. पाय उबदार राहिले पाहिजेत, बस्स. कोंबड्यांच्या फारमात पिल्लांना असंच जगवतात.

"आमचं लेकरू काय कोंबडीचं पिल्लू हाय का?" आत्या फणकारली.

"तेवढं जरी तग धरलं तरी लय झालं, मावशी," नर्सबाई म्हणाल्या आणि सायकल काढून निघून गेल्या.

मी त्या वर्षी परभणीला अकरावी सायन्सला होते. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली पहिली मुलगी म्हणून अण्णांना माझा केवढा अभिमान, आणि मी मात्र रोज कॉलेजात मागच्या बाकावर अंग चोरून बसायचे. विजेचा धडा नुकताच झाला होता. दाब, धारा, रोध. तारेतून वीज किती वाहते ती धारा, तिला तार किती अडवते तो रोध, आणि तिला मागून किती जोरानं ढकललं जातं तो दाब. हे तीन शब्द मी मराठीत शिकले होते आणि कॉलेजात ते इंग्रजीत भेटले तेव्हा ओळखायला वेळ लागला. पण गणितं मला आवडायची. खरं सांगायचं तर त्या धड्यातली गणितं सुटायला लागल्यापासूनच मला वाटायला लागलं, की आपण इथं चुकून आलेलो नाही.

किराणा दुकानातून चहापत्तीचं लाकडी खोकं मिळालं, आतून चांदीच्या कागदाचं. दादानं जाळी ठोकली, एका बाजूला होल्डर बसवला, शंभरचा नवा बल्ब आणला. खाली जुन्या लुगड्याच्या घड्या, वर झाकण आणि झाकणावर वाकळ. लेकरू आत ठेवलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही सगळे त्या खोक्याभोवती बसलो होतो. वहिनीनं हाताची पाठ लेकराच्या पावलाला लावली आणि नकारार्थी मान हलवली. पाय गारच होते. आत्या उठली, अंगणात गेली, आणि शेगडीत गोवऱ्या रचायला लागल्याचा आवाज आला.

मी बल्बकडे बघत बसले होते. पिवळा, मरगळलेला. आमच्या घरचे सगळेच दिवे तसे. आमची वस्ती गावाच्या शेवटाला आणि विजेची तारही तिथंच संपायची. सगळ्या गावाचं भागून उरेल ती वीज आमच्याकडे यायची. शिवाय रब्बीचं पाणी सुरू होतं, रानारानात विहिरींवर मोटारी रात्रंदिवस चालायच्या. अण्णांनी तक्रार केली तेव्हा वायरमन येऊन मीटर लावून गेला होता. "टोकाला एकशे साठ व्होल्ट यायलंय गुरुजी. मोटारी चालू हायेत तवर आसंच ऱ्हानार," असं तो म्हणाला होता. आम्ही सगळ्यांनी त्यातला आकडा तेवढा लक्षात ठेवला, कारण त्यावरून अण्णा पुढे आठवडाभर सरकारला बोल लावत होते.

एकशे साठ. मी अण्णांच्या खिशातून खडू घेतला आणि खोक्याच्या फळीवरच मांडायला सुरुवात केली. बल्बवर शंभर लिहिलंय ते दोनशे तीसच्या दाबाचं. दोनशे तीसचा वर्ग भागिले शंभर, म्हणजे तारेचा रोध पाचशे एकोणतीस. आता दाब एकशे साठ. एकशे साठचा वर्ग पंचवीस हजार सहाशे, भागिले पाचशे एकोणतीस. उत्तर आलं अठ्ठेचाळीस. मी ते पुन्हा केलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. दाब एक तृतीयांशसुद्धा कमी नव्हता झाला, पण ऊब निम्म्यावर आली होती, कारण गणितात दाबाचा वर्ग येतो. दुकानातून शंभर म्हणून आणलेला बल्ब आमच्या घरी येऊन अठ्ठेचाळीसचा झाला होता. (पुढे आयुष्यभर मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. तापलेल्या तारेचा रोध काही कायम एकच राहत नाही, म्हणजे तो आकडा पन्नाशीच्या थोडा वर असणार, हे आता मला ठाऊक आहे. पण ढोबळमानानं माझं काही चुकलं नव्हतं.)

"दोन बल्ब पाहिजेत," मी म्हणाले.

"एकानं भागंना म्हणून दुसरा, उद्या म्हणशील चार लावा," आत्या अंगणातून म्हणाली.

अण्णांनी फळीवरचं गणित वाकून वाचलं. शाळेतल्या पोराची वही तपासावी तसं एकेका ओळीवरून बोट फिरवलं. त्यांना आकड्याच्या वर्गाच्या पुढचं काही कळत नव्हतं हे मला माहीत होतं. तरी ते म्हणाले, "बरुबर हाय. आण रे दुसरा."

दादानं दुसरा बल्ब आणला आणि जोडला. बटन दाबलं तर दोन्ही बल्बांच्या तारा नुसत्या तांबूस झाल्या, विझत आलेल्या विडीएवढ्या. आत्या "आता?" म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.  मग मी जोड बघितली. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत ज्या माळा लागायच्या त्या दादाच करायचा. बारके बल्ब एकाच्या शेपटाला दुसरा, दुसऱ्याच्या शेपटाला तिसरा. त्यानं हे दोन बल्बही हातच्या सवयीनं तसेच ओवले होते. "दादा, ही माळ न्हाई करायची," मी जवळजवळ ओरडलेच, त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी ओरडलं. "माळेत दाब वाटून जातो. एकशे साठचे ऐंशी आन् ऐंशी झाले. दोघांना येगयेगळ्या दोन्ही तारा दे, म्हंजे दोघांनाबी पुरा दाब मिळतो." दादानं मुकाट्यानं सोडवून पुन्हा जोडलं. दोन पिवळे दिवे लागले. झाकण घातलं. बऱ्याच वेळानं वहिनीनं हाताची पाठ पावलाला लावली, तशीच ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. अण्णा उठून बाहेर गेले आणि अंगणात उगाचच खोकत उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस त्या खोक्याच्या तालावर चालले. मी सगळ्यांना एकच हुकूम देऊन ठेवला होता: झाकण सारखं उघडायचं नाही, ऊब जाते. कॉलेजातून आले की दप्तर टाकून आधी पाय बघायचे. वहिनी दूध काढून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायची. लेकराच्या गालावर जरा लकाकी यायला लागली. आत्याही थोडी नरमली, पण शेगडी मात्र तिनं उचलून ठेवली नाही, अंगणात दाराशीच ठेवली. वाट बघत होती बिचारी, आम्ही हरायची. बिचारी असं मी आज म्हणते. तेव्हा मला त्या शेगडीचा भयंकर राग यायचा.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जातं. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, कडब्याची खोप करतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि जेवतात. आमच्या वाट्याला ओढ्यापलीकडचं थोडं हलकं रान होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून अण्णांनी पांडव पुजायचे सोडले होते, पण आंबील सोडायला ते काही तयार नव्हते. "दगडाला नको, माणसाला वाढा," असं म्हणत ते दरवर्षी पहिली पंगत स्वतःचीच मांडायचे. मायनं आदल्या दिवशीच आंबील घातली होती. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि हरभरा-तूर-वालाच्या हिरव्या दाण्यांची, चिंचेच्या आंबटाची, बेसन लावलेली भज्जी. त्या भज्जीचा वास आजही आला तरी माझ्या छातीत आधी धडधड होते, भूक नंतर लागते.

मी जाणार नव्हते. पण मायनं हट्ट धरला. इतक्या दिवसांत घराबाहेर म्हणून कुणी पडलं नव्हतं, अण्णा वाळले होते, दादा बोलेनासा झाला होता. सकाळी पाय बघितले, छान उबदार होते. वहिनीही म्हणाली, "जावा तुमी सुमनबाई, मी आन् आत्या हाव की." निघताना मी पुन्हा बजावलं, झाकण उघडू नका. तोवर गावातली गिरणी फडफडत होती, लांबून मोटारींची घरघर येत होती. लोक सकाळचं पाणी उरकून घेत होते. मायच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, दादाच्या खांद्यावर बाकीचं. ऊन कोवळं होतं आणि मला खरंच बरं वाटत होतं, इतकं की मी ओढ्यात पाय घालून थोडी थांबले होते.

खोपीत बसून जेवणं झाली. अण्णांनी तीनदा आंबील घेतली. दादा हाताची उशी करून आडवा झाला. आमच्या बांधाला लागूनच एका मोठ्या जमीनदाराची विहीर होती, तिच्यावर सात घोड्यांची मोटार, आणि हौदात पाणी पडायचा आवाज आमच्या रानात दिवसभर ऐकू यायचा. दादा डोळे मिटून म्हणाला, "किती शांत वाटायलंय आज. नुसती पाखरं वरडायलीत."

"येळवस हाय बाबा," अण्णा म्हणाले. "आज कोन मोटार लावतंय? समदं गाव जेवायलंय."

माझ्या हातात आंबिलीचा पेला होता. मी कान देऊन ऐकलं. एकही मोटार चालू नव्हती. ओढ्यापर्यंत, ओढ्यापलीकडे, कुठंच नाही. गिरणीही नाही. मोटारी चालू आहेत तवर, असं वायरमन म्हणाला होता. मोटारी बंद म्हणजे दाब एकशे साठ नाही. आमच्या टोकालाही आज दोनशे तीस असणार. दोनशे तीसला शंभरचा बल्ब शंभरच देतो. आणि आत दोन होते. ज्या खोक्यात शंभराची ऊब बेतानं बसवली होती त्यात आता दोनशेची कोंडली होती, वर वाकळ, आणि झाकण उघडू नका म्हणून मीच सांगून आले होते. पेला कुठं ठेवला ते मला आठवत नाही. मायनं मागून हाक मारली ती आठवते.

मी ज्वारीतून पळत सुटले. पानं तोंडावर सपासप लागत होती. चप्पल ओढ्यातच राहिली. आणि येळवशीचा एक रिवाज असा, की रानातून जाणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. वर्षभर जे आमच्या हातावर वरून पाणी ओतायचे तेही त्या दिवशी आपल्या खोपीतून हाक मारायचे. "ये गं मास्तराची पोरगी, खाऊन जा!" एका खोपीतून, मग दुसऱ्या खोपीतून. एका म्हातारीनं तर वाटेतच माझं मनगट धरलं. "आंबील पेल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई आज," म्हणून हसत होती, दात नव्हते तिला. मी तिचा हात झटकला, जोरात. मागे बायका म्हणाल्या, "शिकलेली हाय, माज चढलाय." मला रडू यायला लागलं आणि रडताना पळता येत नाही, दम लागतो. म्हणून मी मनात गणित धरलं. दोनशे तीसचा वर्ग, भागिले पाचशे एकोणतीस, गुणिले दोन. पुन्हा. पुन्हा. कुठंतरी माझं चुकलेलं निघावं, म्हणून मी ते करत होते. ते दर वेळी दोनशेच येत होतं.

गाव रिकामं होतं. घरोघरी कड्या. आत्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती, आणि मला बघून तिचं तोंड फुललं. "आलीस? बघ आज लाईट कशी लख्ख पडलीय! गावात लाईट आल्यापून आशी बघितली न्हवती. मी तर बाई हात जोडले तिला. येळवस पावली आपल्याला."

खोलीत खोक्याच्या फटींमधून पांढरा उजेड बाहेर पडत होता, भिंतीवर त्याच्या रेघा उमटल्या होत्या. वहिनी बाजेवर झोपली होती. कितीतरी दिवसांची झोप एकदम आली होती तिला. मी बटन बंद केलं, वाकळ ओढली, झाकण फेकलं. आतली गरम हवा तोंडावर आली. लेकरू तांबडंलाल झालं होतं, तोंड उघडं, ओठ कोरडे, पोट भरभर वरखाली होत होतं. आवाज नव्हता. मी तिला उचललं तर ती पायरीवर वाळत टाकलेल्या फडक्यासारखी तापलेली आणि ढिली होती. "वैनी," मी हाक मारली.

वहिनी कशी उठली ते मला दिसलंच नाही. लेकरू तिच्या हातात होतं. तिनं गुंडाळलेलं फडकं सोडलं, दाराच्या सावलीत येऊन बसली आणि त्या उघड्या अंगावर हलकी फुंकर घालत राहिली. "दूध," ती म्हणाली. मी कापसाचा बोळा धरला. पहिला थेंब ओठाच्या कडेनं बाहेर आला. दुसराही. आत्या पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. तिसरा थेंब जिभेवर तसाच राहिला, आणि आम्ही तिघी त्या एका थेंबाकडे बघत बसलो. मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहिता येणार नाही. एवढंच लिहिते, की हिनं गिळलं तर मी पुन्हा वहीला हात लावणार नाही, असलं काहीतरी मी मनाशी कबूल करत होते, कुणाशी ते माहीत नाही, कारण आमच्या घरात देव नव्हते. मग तिचा गळा हलला. थेंब गेला. वहिनीनं पुढचा दिला, तोही गेला.

दादा माझ्या मागोमाग पळतच आला होता. तो उलट्या पावली नर्सबाईंना शोधायला गेला. त्यांनाही कुणीतरी रानात जेवायला नेलं होतं. त्या आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि लेकराचा रंग जरा निवळला होता. त्यांनी बघितलं, छातीला कान लावला. "वेळेवर काढलंत," त्या म्हणाल्या. "आता निभावलंय. पण सांजच्याला गारठा पडंल. ऊब द्यावीच लागंल, न्हाईतर पुन्हा तेच. कशी द्यायची ते तुमी बघा." आणि त्यांनी एकदा दाराशी ठेवलेल्या शेगडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

सूर्य टेकला तसा थंडावा जमिनीतून वर यायला लागला. लोक रानातून परतले, लांबवर एक मोटार सुरू झाली, मग दुसरी. ओसरीवरचा दिवा पिवळा पडत गेला. म्हणजे दाब पुन्हा खाली आला होता. दोन बल्ब आता पुन्हा बरोबर होते. पण ते बोलायची माझी हिंमत नव्हती. मी खोक्यापासून लांब, दाराआड बसले होते. माय म्हणाली, "बास झालं ते. इजंचा भरवसा न्हाई." आत्यानं गोवऱ्या आणल्या. अण्णा फळीवरच्या माझ्या खडूच्या आकड्यांकडे बघत होते.  माझ्या बाजूनं ते बोलले नाहीत असा तो एकच दिवस. आत्यानं काडी ओढली.

"ती इझवा," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. वहिनी आत्यासमोर असं कधी बोलली नव्हती. आत्या म्हणाली, "आगं, पण आज त्या खोक्यात..."

"माजी दोन शेगडीपाशीच गेली की." वहिनीचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "दोनीबी. तवा कुनी म्हनलं न्हाई, बास झालं, शेगडीचा भरवसा न्हाई. तवा समदे म्हनले, नशिबात न्हवतं."

 आत्याच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली आणि तिनं ती मातीत दाबली. वहिनी उठली. लेकराला तिनं स्वतः खोक्यात ठेवलं, घड्या नीट केल्या. झाकण मात्र घातलं नाही, वाकळ अर्धीच ओढली आणि आपला हात आत घालून लेकराच्या अंगाशी ठेवला. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"मी हात काढनार न्हाई. जादा झालं की माज्या हाताला कळंल, तवा मी सांगते, एक बल्ब मालव. दाब बटन."

"वैनी, मला भ्याव वाटायलंय," मी म्हणाले. सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं.

"मलाबी वाटायलंय," वहिनी म्हणाली. "दाब, सुमन."

मी उठले आणि बटन दाबलं.